अचूकता, शक्ती आणि वेग : साध्या पिस्तुलाने प्रॅक्टिकल शूटिंगची सुरुवात

पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धांचे स्थूलमानाने दोन प्रवाह मानता येतात. पहिल्या प्रवाहात नेमबाज ठरलेल्या जागी उभा राहतो, ठरलेल्या अंतरावरच्या वर्तुळांकित लक्ष्यावर एका हाताने नेम धरतो आणि प्रत्येक गोळी शक्य तितकी मध्याजवळ बसवण्याचा प्रयत्न करतो. ऑलिंपिकमधील १० मीटर एअर पिस्तूल आणि २५ मीटर पिस्तूल हे प्रकार या प्रवाहातले आहेत. दुसऱ्या प्रवाहात लक्ष्ये वेगवेगळ्या अंतरांवर मांडलेली असतात, त्यांतली काही अर्धवट झाकलेली आणि काही हलती असतात, आणि नेमबाज कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून, ते दोन्ही हातांनी धरून, एका जागेवरून दुसऱ्या जागी जात, वाटेत मॅगझिन म्हणजे काडतुसांची डबी बदलत ती सर्व टिपतो. या दुसऱ्या प्रवाहाला जगभर ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणतात. त्यात मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळेने भागले जात असल्यामुळे केवळ अचूक असणे पुरत नाही आणि केवळ चपळ असणेही पुरत नाही.

या खेळातील नामवंतांची शस्त्रे पाहिली, तर नवख्या माणसाची अशी समजूत होणे स्वाभाविक असते की महागडी, खास घडवून घेतलेली पिस्तुले असल्याशिवाय येथे प्रवेशच नाही. प्रत्यक्षात खेळाच्या नियमांची रचना याच्या उलट आहे. कारखान्यातून निघालेले, कोणताही बदल न केलेले साधे पिस्तूल घेऊन येणाऱ्यासाठी येथे स्वतंत्र विभाग आहे, त्या विभागात त्याची तुलना तशाच पिस्तुलांशी होते, आणि आरंभीच्या काळात त्याची प्रगती ज्या गोष्टींवर अवलंबून असते त्यांपैकी जवळजवळ एकही दुकानात विकत मिळत नाही. या गोष्टी कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमाने आत्मसात करायच्या, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

खेळाचा उगम

या खेळाची पाळेमुळे १९५० च्या दशकातील अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सापडतात. अमेरिकी मरीन दलात अधिकारी राहिलेले जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी बिग बेअर या डोंगराळ गावात ‘लेदरस्लॅप’ नावाच्या स्पर्धा भरवण्यास सुरुवात केली. होल्स्टरमधून पिस्तूल काढून समोरचे लक्ष्य कमीत कमी वेळात टिपायचे, एवढेच त्या स्पर्धांचे आरंभीचे स्वरूप होते. त्या काळी बहुतेक स्पर्धक कमरेच्या उंचीवरून, एका हाताने, साइटकडे म्हणजे पिस्तुलावरील नेम धरण्याच्या खुणांकडे न पाहता गोळी झाडत आणि पहिली गोळी हुकली की घाईने पुढच्या झाडत. लॉस एंजेलिस परगण्याच्या शेरीफ खात्यातील जॅक वीव्हर यांनी मात्र वेगळी रीत अवलंबली : पिस्तूल दोन्ही हातांनी धरायचे, डोळ्यांच्या रेषेत आणायचे, साइट पाहायच्या आणि मगच चाप दाबायचा. हातात साधे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर असूनही १९५९ मध्ये ते विजयी झाले. डोळ्यांपर्यंत शस्त्र उचलण्यात जो क्षणांश खर्च होतो, तो पहिलीच गोळी लागल्यामुळे भरून निघतो, ही गोष्ट तेथे सर्वांसमक्ष सिद्ध झाली, आणि महागड्या शस्त्रापेक्षा योग्य पद्धत वरचढ ठरते हा धडा या खेळाच्या जन्माच्या वेळीच मिळाला.

पुढील दोन दशकांत या स्पर्धांचे लोण अमेरिकेबाहेर पसरले. १९७५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेचे रे चॅपमन तिचे विजेते ठरले. त्यानंतरच्या वर्षी, मे १९७६ मध्ये, मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे झालेल्या परिषदेत ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’ म्हणजे आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अमेरिकेतील स्पर्धांचा कारभार पाहणारी ‘युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशन’ म्हणजे यूएसपीएसए १९८४ पासून कार्यरत आहे. आयपीएससीचे ब्रीदवाक्य तीन लॅटिन शब्दांचे आहे : डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरितास, म्हणजे अचूकता, शक्ती आणि वेग. या तिहींपैकी एकाचाही बळी देऊन जिंकता येऊ नये, या हेतूने खेळाची सारी गुणपद्धती आखलेली आहे.

गुणांचे गणित

स्पर्धा अनेक ‘स्टेज’मध्ये विभागलेली असते. स्टेज म्हणजे लाकडी चौकटी, जाळ्या, पिंपे, भिंती आणि लक्ष्ये यांची एक स्वतंत्र मांडणी. तिच्या तिन्ही बाजूंना गोळ्या अडवणारे मातीचे उंच बांध असतात. आयपीएससीच्या नियमांनुसार छोट्या स्टेजसाठी जास्तीत जास्त १२, मध्यम स्टेजसाठी २४ आणि मोठ्या स्टेजसाठी ३२ गोळ्यांची आखणी करता येते. लक्ष्ये मुख्यतः तपकिरी पुठ्ठ्याची असतात आणि त्यांवर ए, सी आणि डी असे तीन भाग आखलेले असतात. छिद्रांनी पाडलेल्या या रेषा दुरून दिसत नाहीत, त्यामुळे मधला ए भाग कोठे असेल हे नेमबाजाला आकारावरून ताडावे लागते. प्रत्येक पुठ्ठ्यावर बहुधा दोन गोळ्या लागणे अपेक्षित असते. गोळी लागताच कोसळणारी पोलादी लक्ष्येही असतात, तर काही पांढरी लक्ष्ये ‘नो-शूट’ म्हणजे मारण्यास मनाई असलेली असतात.

ए भागातील गोळीला नेहमी ५ गुण मिळतात. सी आणि डी भागांतील गुण मात्र काडतुसाच्या शक्तीवर अवलंबून असतात आणि ही शक्ती ‘पॉवर फॅक्टर’ने मोजली जाते. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅमच्या एककात घ्यायचे, त्याला दर सेकंदाला फूट या एककातील वेगाने गुणायचे आणि १,००० ने भागायचे, की पॉवर फॅक्टर मिळतो. उदाहरणार्थ, १२४ ग्रेनची ९ मिमी गोळी १,०५० फूट प्रति सेकंद वेगाने निघाली, तर तिचा पॉवर फॅक्टर सुमारे १३० येतो. किमान १२५ पॉवर फॅक्टर असलेले काडतूस ‘मायनर’ गटात बसते. ‘मेजर’ गटाची मर्यादा याहून बरीच वरची, यूएसपीएसएमध्ये १६५ आहे. मेजर गटात सी भागाला ४ आणि डी भागाला २ गुण मिळतात, मायनर गटात अनुक्रमे ३ आणि १. जोरदार काडतुसाचा धक्का सावरणे अवघड असते, म्हणून त्याच्या थोड्या ढळलेल्या गोळीला सवलत मिळते. ब्रीदवाक्यातील ‘शक्ती’ गणितात येते ती अशी. हुकलेल्या प्रत्येक गोळीसाठी आणि नो-शूटला लागलेल्या प्रत्येक गोळीसाठी १० गुण वजा होतात.

एकूण गुणांना सेकंदांतील वेळेने भागले की ‘हिट फॅक्टर’ मिळतो. ज्याचा हिट फॅक्टर सर्वाधिक, त्याला त्या स्टेजचे पूर्ण गुण मिळतात आणि इतरांना त्याच्या प्रमाणात. सहा पुठ्ठे, बारा गोळ्या आणि कमाल ६० गुण अशी एक स्टेज घेऊन मायनर गटातील दोघा नेमबाजांची तुलना करता येईल. पहिल्याने दहा गोळ्या ए भागात आणि दोन सी भागात बसवून ५६ गुण मिळवले आणि ८ सेकंद घेतले. त्याचा हिट फॅक्टर ७ आला. दुसऱ्याने घाई केली, त्याच्या पाच गोळ्या ए भागात, पाच सी भागात आणि दोन डी भागात लागल्या, गुण ४२ झाले, पण वेळ ६ सेकंदच लागला. त्याचाही हिट फॅक्टर ७ आला. येथवर दोघे बरोबरीत आहेत. परंतु दुसऱ्याच्या डी भागातील दोन गोळ्यांपैकी एक जरी हुकली असती, तरी त्याचे गुण ३१ वर आणि हिट फॅक्टर ५.१७ वर उतरला असता, आणि स्टेजच्या ६० गुणांपैकी सुमारे ४४ च त्याच्या वाट्याला आले असते. दुसरीकडे, सर्व बारा गोळ्या ए भागात बसवण्यासाठी एखाद्याने १० सेकंद घेतले, तर त्याचा हिट फॅक्टर ६ होतो आणि निर्दोष नेमबाजी करूनही तो पहिल्या दोघांच्या मागे पडतो.

या गणितातून नवशिक्याने एक व्यावहारिक नियम काढून घ्यावा. हिट फॅक्टर ७ च्या आसपास असलेल्या स्टेजवर ए ऐवजी सी भागात लागलेली गोळी २ गुण, म्हणजे सुमारे ०.३ सेकंदाइतकी महाग पडते. अंतर जास्त आणि लक्ष्ये अवघड असल्यामुळे हिट फॅक्टर ३ च्या आसपास राहणाऱ्या स्टेजवर तीच चूक सुमारे ०.७ सेकंदाची होते. हुकलेली गोळी मात्र सगळीकडेच जबर महाग असते, कारण तिच्यामुळे मिळू शकणारे ५ गुण जातात आणि वर १० गुणांचा दंड बसतो. गोळी हुकल्याचे लक्षात आल्यास बहुतेक स्टेजवर आणखी एक गोळी झाडण्याची मुभा असते, पुठ्ठ्यावरच्या सर्वोत्तम दोनच गोळ्या मोजल्या जातात आणि किंमत फक्त वेळेत मोजावी लागते. म्हणून गोळी कोठे गेली असावी हे साइट पाहून त्याच क्षणी ओळखता येणे हे या खेळातील फार मोलाचे कौशल्य आहे.

कोणते पिस्तूल पुरेसे

शस्त्रांतील तफावतीमुळे स्पर्धा विषम होऊ नये, यासाठी नेमबाजांची विभागणी शस्त्राच्या प्रकारानुसार केली जाते आणि अशा प्रत्येक विभागाला ‘डिव्हिजन’ म्हणतात. ‘ओपन’ डिव्हिजनमध्ये ऑप्टिकल साइट आणि धक्का कमी करणारे कॉम्पेन्सेटर बसवलेली पिस्तुले चालतात आणि महागडी यंत्रे दिसतात ती मुख्यतः तेथे. ‘प्रॉडक्शन’ डिव्हिजन याच्या दुसऱ्या टोकाला आहे. संघटनेने मान्य केलेल्या यादीतील कारखानी पिस्तुलेच तेथे चालतात, त्यांच्या साइट साध्या धातूच्या असाव्या लागतात, फेरफार अगदी मर्यादित करता येतात आणि सर्वांचे गुण मायनर गटाप्रमाणे मोजले जात असल्यामुळे जोरदार काडतूस वापरून काहीच लाभ होत नाही. मॅगझिनमध्ये किती काडतुसे भरता येतील यावरही बंधन असते. आयपीएससीमध्ये ही मर्यादा १५ आहे. अशाच कारखानी पिस्तुलावर लाल ठिपक्याची ऑप्टिकल साइट लावणाऱ्यांसाठी वेगळी डिव्हिजन आहे, आणि ज्याला वाढत्या वयामुळे पुढची साइट स्पष्ट दिसत नाही त्याने सुरुवातीपासून तिचा विचार करण्यास हरकत नाही.

नवशिक्यासाठी योग्य शस्त्र कोणते, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच सोपे आहे : पूर्ण आकाराचे, भरवशाचे, ९ मिमीचे अर्धस्वयंचलित पिस्तूल. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप एकदा दाबल्यावर एकच गोळी सुटते आणि तिच्या धक्क्याच्या बळावर रिकामे टरफल बाहेर पडून पुढचे काडतूस चेंबरमध्ये चढते. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेले ग्लॉक १७ आणि १९७५ मध्ये चेकोस्लोव्हाकियात तयार झालेले सीझेड ७५ ही या वर्गातील ठळक उदाहरणे होत. दोन्हींच्या चापाची घडण मात्र वेगळी आहे. ग्लॉकचा चाप प्रत्येक गोळीला सारखाच दाबावा लागतो, तर सीझेड ७५ मध्ये घोडा खाली असताना पहिल्या गोळीसाठी चाप लांबवर आणि जोराने, आणि पुढच्या गोळ्यांसाठी थोडा आणि हलका दाबावा लागतो; प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये अशा पिस्तुलाने सुरुवात घोडा खाली ठेवूनच करावी लागते, म्हणून पहिल्या जड दाबाचा सराव वेगळा करावा लागतो. ९ मिमी काडतूस ऑस्ट्रियन अभिकल्पक गेओर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केले. त्याचा धक्का सौम्य असतो आणि इतर मोठ्या काडतुसांच्या मानाने ते स्वस्त पडते, हे सराव करणाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. अंगरख्याखाली लपवता यावीत म्हणून बनवलेली आखूड पिस्तुले मात्र या खेळासाठी टाळलेली बरी, कारण त्यांच्या मुठीवर पूर्ण पकड बसत नाही आणि दोन साइटमधील अंतर कमी असल्यामुळे नेमातील लहानशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते.

पिस्तुलाखेरीज लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत, पण त्यांत काटकसर करणे योग्य नाही. मजबूत पट्टा हवा, कारण सैल पट्ट्यावरचे होल्स्टर पिस्तुलाबरोबर वर ओढले जाते. होल्स्टर त्याच मॉडेलसाठी बनवलेले, ताठ, चाप पूर्ण झाकणारे आणि धावताना पिस्तूल न सोडणारे असावे. कापडी, सर्व पिस्तुलांना बसतील अशी सांगून विकली जाणारी होल्स्टरे स्पर्धेला निरुपयोगी असतात. ३२ गोळ्यांची स्टेज पार पाडून हाताशी काही काडतुसे शिल्लक राहावीत, या हिशेबाने चार-पाच मॅगझिन आणि ती पट्ट्यावर ठेवण्याचे कप्पे लागतात. डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा आणि कानांसाठी इअरमफ किंवा इअरप्लग तर नेमबाजाइतकेच प्रेक्षकालाही अनिवार्य आहेत. हलका चाप, नवी स्प्रिंग, भडक रंगाची साइट अशा सुधारणांचा मोह पहिल्या काही महिन्यांत दूर ठेवावा, कारण गोळी नेमकी कशामुळे ढळते हे कळण्याआधी केलेली सुधारणा बहुधा नसलेल्या दोषावर केलेला खर्च ठरते.

सुरक्षिततेची शिस्त

भरलेले पिस्तूल हातात घेऊन वेगाने हालचाल करण्याचा हा खेळ असल्यामुळे त्याची सुरक्षाव्यवस्था अत्यंत कठोर आहे, आणि ती तशी असल्यामुळेच हा खेळ खेळता येतो. तिच्या मुळाशी कूपर यांनी रूढ केलेली चार सूत्रे आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे मानूनच ते हाताळावे. जे नष्ट करण्याची तयारी नाही अशा कशावरही नळीचे तोंड रोखू नये. साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे. आणि आपले लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे याची खात्री करून घ्यावी. एखाद्या वेळी यांतील एक सूत्र चुकून मोडले, तरी बाकीची तीन पाळलेली असल्यास सहसा कोणाला इजा होत नाही. चारही सूत्रांची एकत्र रचना त्यासाठीच आहे.

स्पर्धेच्या मैदानावर याला नियमांचे रूप दिलेले असते. मैदान ‘कोल्ड रेंज’ असते, म्हणजे स्टेजवर रेंज ऑफिसरने, म्हणजे तेथील नियंत्रक पंचाने, आज्ञा देईपर्यंत प्रत्येकाचे पिस्तूल रिकामे आणि होल्स्टरमध्ये किंवा पेटीत असते. पिस्तूल पेटीतून काढणे, पट्ट्यावर चढवणे किंवा तपासणे यासाठी ‘सेफ्टी एरिया’ ही स्वतंत्र जागा असते, आणि त्या जागेत काडतुसाला हात लावण्यास सक्त मनाई असते. रिकामे पिस्तूल आणि काडतूस एका वेळी एकाच्या हाती येऊच नये, हा या विभागणीचा हेतू होय. स्टेज सुरू असताना नळीचे तोंड ठरावीक कोनाच्या आत, समोरच्या बांधाच्या दिशेनेच राहिले पाहिजे. ते मागे वळणे, पिस्तूल हातातून निसटणे, मॅगझिन बदलताना किंवा जागा बदलताना गोळी सुटणे, नेमबाजापासून ३ मीटरच्या आत जमिनीत गोळी जाणे, यांपैकी काहीही घडल्यास त्या क्षणी त्याला संपूर्ण स्पर्धेतून बाद केले जाते. या शिक्षेत अनुभवी आणि नवखा असा भेद केला जात नाही, आणि रागलोभ न धरता ती स्वीकारणे ही या खेळाची जुनी रीत आहे.

रेंज ऑफिसरच्या आज्ञा जगभर इंग्रजीतच दिल्या जातात, त्यामुळे त्यांचा क्रम पाठ असणे आवश्यक आहे. ‘मेक रेडी’ म्हणताच नेमबाज पिस्तूल भरून होल्स्टरमध्ये ठेवतो. ‘आर यू रेडी’ या प्रश्नावर तो तयार नसल्यास तसे स्पष्ट सांगतो. ‘स्टँड बाय’नंतर १ ते ४ सेकंदांत ‘शॉट टायमर’ या यंत्राचा बीप वाजतो. हेच यंत्र प्रत्येक गोळीचा आवाज टिपून शेवटच्या गोळीपर्यंतची वेळ शतांश सेकंदापर्यंत नोंदवते. शेवटी ‘अनलोड अँड शो क्लिअर’ या आज्ञेवर मॅगझिन काढून, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढून रिकामे चेंबर दाखवावे लागते, मग ‘इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर’ म्हटल्यावर बांधाच्या दिशेने चाप दाबून पिस्तूल होल्स्टरमध्ये जाते, आणि ‘रेंज इज क्लिअर’ ऐकू येईपर्यंत कोणीही पुढे पाऊल टाकत नाही.

पहिल्या स्पर्धेचा दिवस

स्थानिक क्लबच्या स्पर्धेत नवशिक्यासाठी बहुधा वेगळे मार्गदर्शन असते आणि काही क्लब आधी सुरक्षा-वर्ग पूर्ण करण्याची अट घालतात. अशी अट नसली, तरी एक स्पर्धा केवळ पाहण्यासाठी जाणे शहाणपणाचे असते. स्पर्धकांच्या ‘स्क्वॉड’ नावाच्या तुकड्या पाडल्या जातात आणि प्रत्येक तुकडी एकेका स्टेजवरून पुढे सरकते. एकाची पाळी संपली की तुकडीतील इतरांनी पुठ्ठ्यांवरील भोके चिकटपट्टीने बुजवणे आणि पोलादी लक्ष्ये पुन्हा उभी करणे अपेक्षित असते. या कामात हात न लावणारा स्पर्धक कोणालाच आवडत नाही, आणि नवख्याला तुकडीशी ओळख करून घेण्याचा हाच सर्वांत सोपा मार्ग आहे.

प्रत्येक स्टेजच्या आरंभी लेखी सूचना वाचून दाखवली जाते आणि नंतर काही मिनिटे रिकाम्या हातांनी तिच्यातून फिरून पाहण्याची मुभा मिळते. कोणते लक्ष्य कोठून टिपायचे, हे बहुतेक वेळा नेमबाजाने स्वतः ठरवायचे असते. एकच स्टेज दहा जण दहा प्रकारे सोडवू शकतात आणि या खेळाचे बौद्धिक आकर्षण त्यातच आहे. नवशिक्याने या फेरफटक्यात तीनच गोष्टी पक्क्या कराव्यात : एकूण लक्ष्ये किती आणि त्यांतले प्रत्येक कोठून दिसते, मॅगझिन कोठे बदलायचे, आणि कोणत्या ठिकाणी वळताना नळी कोनाबाहेर जाण्याचा धोका आहे. मॅगझिन रिकामे होण्याची वाट न पाहता एका जागेवरून दुसऱ्या जागी चालताना बदलावे, म्हणजे त्यासाठी वेगळा वेळ जात नाही. योजना साधी असावी आणि बीप वाजल्यावर ती बदलू नये.

वेगाच्या बाबतीत पहिल्या स्पर्धेसाठी एकच मापदंड पुरेसा आहे. नेमबाजाने प्रत्येक गोळीच्या वेळी साइट पाहिली असेल आणि स्टेजनंतर आपली पिछाडी नेमकी कोठे झाली हे त्याला सांगता येत असेल, तर त्याचा वेग योग्य होता. शेजारच्या अनुभवी स्पर्धकाची ती स्टेज आपल्या निम्म्या वेळात झाली, याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. यूएसपीएसएमध्ये ठरावीक आखणीच्या ‘क्लासिफायर’ स्टेजवरील कामगिरीची टक्केवारी काढून नेमबाजांना श्रेणी दिली जाते. ४० टक्क्यांच्या खाली डी, ४० पासून सी, ६० पासून बी, ७५ पासून ए, ८५ पासून मास्टर आणि ९५ पासून ग्रँड मास्टर अशी ही उतरंड आहे. त्यामुळे प्रत्येकाला आपल्या बरोबरीच्यांत आपले स्थान कळते आणि आजच्या कामगिरीची तुलना मागच्या वर्षीच्या कामगिरीशी करता येते.

सराव : घरचा आणि मैदानावरचा

साध्या पिस्तुलाने मोठी प्रगती करता येते, याचे मुख्य कारण ‘ड्राय फायर’ हे आहे. ड्राय फायर म्हणजे काडतुसाविना केलेला सराव. होल्स्टरमधून पिस्तूल काढणे, दोन्ही हातांची पकड जुळवणे, साइट डोळ्यांसमोर आणणे, चाप साइट न हलवता दाबणे, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नजर आणि नंतर पिस्तूल नेणे, मॅगझिन बदलणे, ही सारी कौशल्ये गोळी न झाडता शिकता येतात आणि त्यासाठी रोजची दहा-पंधरा मिनिटे पुरतात. या सरावाच्या अटी मात्र मैदानाइतक्याच कडक असाव्यात. पिस्तूल आणि प्रत्येक मॅगझिन रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, नेम अशाच भिंतीवर धरावा जिच्यामागे कोणी असूच शकत नाही, आणि सराव संपल्यावर ‘आणखी एकदाच’ म्हणून पिस्तूल पुन्हा हातात घेऊ नये.

प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव ड्राय फायरमध्ये न कळणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवावा. त्यांतली पहिली गोष्ट म्हणजे धक्का सावरणे. १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉब लीथम आणि ब्रायन ईनोस या अमेरिकी नेमबाजांनी दोन्ही हात सारखे पुढे केलेला, छाती लक्ष्याकडे असलेला पवित्रा प्रचारात आणला आणि आज बहुतेक सर्व स्पर्धक तोच वापरतात. धक्का पूर्ण दाबून टाकता येत नाही. पकड प्रत्येक वेळी सारखी असेल, तर साइट उसळून आपोआप पूर्वीच्या जागी परतते, आणि ती परतलेली दिसताच पुढची गोळी झाडता येते. दुसरी गोष्ट म्हणजे चाप दाबण्याआधीच धक्क्याच्या अपेक्षेने पिस्तूल खाली ढकलले जाणे. हा दोष जवळजवळ प्रत्येक नवशिक्यात असतो आणि गोळ्या लक्ष्याच्या खालच्या बाजूला लागू लागल्या की तो ओळखता येतो. सोबत्याने मॅगझिनमध्ये अधूनमधून निर्जीव काडतूस मिसळून दिल्यास ते चेंबरमध्ये येताच गोळी सुटत नाही, पण पिस्तुलाचे तोंड खाली झुकते आणि दोष नेमबाजाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

कायद्याची चौकट आणि मराठी वाचक

भारतात शस्त्रांची मालकी शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी नियंत्रित केलेली आहे. ९ मिमी हे ‘प्रतिबंधित बोअर’ असल्यामुळे वर वर्णिलेले पिस्तूल सामान्य परवानाधारकाला घेता येत नाही. म्हणून महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहून पिस्तूल नेमबाजी शिकू इच्छिणाऱ्यासाठी खरा मार्ग १० मीटर एअर पिस्तूल आणि त्यानंतर २५ मीटर पिस्तूल हाच आहे, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाशी संलग्न क्लबांतून तो सुरू होतो. हा मार्ग प्रॅक्टिकल शूटिंगपासून वाटतो तितका दूर नाही. २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड भागात लक्ष्य केवळ ३ सेकंदांसाठी समोर येते आणि नंतर ७ सेकंद वळून राहते. तेवढ्या वेळात खाली झुकवलेला हात उचलून, साइट जुळवून एक गोळी झाडायची असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. चाप दाबण्याची जी शुद्धता या प्रकारात घडते, ती पुढे कोणत्याही पिस्तुलावर उपयोगी पडते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तेथील संघीय कायद्यानुसार नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला बंदूक अथवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार-परवाना असणे यासारखे काही अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात की नाही याची जाणकार वकिलाकडून खात्री करून घेतल्याशिवाय मित्राचे पिस्तूल मैदानावर हातात घेणेही धोक्याचे ठरू शकते. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. तथापि प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे आहेत आणि मॅगझिनची क्षमता, शस्त्राची वाहतूक व साठवण यांविषयीचे नियम राज्याची सीमा ओलांडताच बदलतात.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. साधे पिस्तूल ही या खेळातील उणीव नसून नवशिक्यासाठी ती सर्वांत योग्य स्थिती आहे, कारण त्यात दोष लपवणारे काही नसते आणि प्रत्येक सुधारणा नेमबाजाच्या स्वतःच्या हातांतून आणि नजरेतून आलेली असते. कायद्याने ज्यांना हा खेळ खुला आहे त्यांनी पहिले वर्ष एकच पिस्तूल आणि एकच होल्स्टर वापरावे, शिल्लक पैसा काडतुसांवर आणि चांगल्या प्रशिक्षकावर खर्च करावा, आणि पहिल्या स्पर्धेकडून क्रमांकाची अपेक्षा न ठेवता ती एकही सुरक्षा-नियम न मोडता पूर्ण करण्याचे ध्येय ठेवावे. अचूकता आणि वेग सरावाने येतात. शिस्त मात्र पहिल्या दिवसापासूनच पूर्ण असावी लागते.